दोष मेंदूचा, मग श्रेय कोणाचे?

मराठी भाषेने एक गंमत करून ठेवली आहे. वेड्याच्या समोर तिने ‘शहाणा’ उभा केला आणि मूर्खाच्या समोरही ‘शहाणा’च उभा केला. ‘आता तो शहाणा झाला’ या वाक्याने आजार बरा झाला हेही कळते आणि अक्कल आली हेही कळते; मुलीविषयी तेच वाक्य बोलले तर अर्थ तिसराच होतो. आपल्या पांढुर्णा-सौंसरच्या मुलखात शेजारच्या हिंदीने त्यात आणखी भर घातली. तिकडे ‘सयाना’ म्हणजे समंजस, वडीलधारा आणि भूत उतरवणारा मांत्रिकसुद्धा.

हीच भाषा वेडाचा ठावठिकाणाही सांगते. ‘डोक्यावर परिणाम झाला’, ‘डोके फिरले’ असे आपण पिढ्यान् पिढ्या म्हणत आलो आहोत. म्हणजे मेंदूविज्ञान या भागात पोहोचण्याच्या कितीतरी आधी आपल्या आज्यांनी वेड डोक्यात नेऊन बसवले होते. हुशारीही डोक्यातच असते हे आपण मान्य करतो. शहाणपण मात्र डोक्यात असते असे सहसा कोणी म्हणत नाही. ते अंगी असते, संस्कारांनी येते, पूर्वपुण्याईने लाभते, घराण्यातून उतरते. आजाराला जागा दिली शरीरात आणि गुणाचे श्रेय ठेवले स्वतःकडे किंवा कुळाकडे. ही वाटणी न्याय्य आहे काय, हा प्रश्न आम्हांला एका मराठी शास्त्रज्ञाच्या कामामुळे पडला.

डॉ. दिलीप जेस्ते यांचा जन्म १९४४ चा. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात आणि मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांचे शिक्षण झाले. केईएममधील मनोविकार विभाग डॉ. एन. एस. वाहिया यांनी घडवला होता. पतंजलीच्या योगविचारावर आधारलेली उपचारपद्धती रुग्णांवर वापरून तिचे निष्कर्ष प्रसिद्ध करणारे हे गृहस्थ. जेस्ते पुढे अमेरिकेत गेले आणि १९८६ पासून अनेक वर्षे सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात वृद्धांच्या मनोविकारांवर संशोधन करीत राहिले. २०१२-१३ साली ते अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. आशियाई वंशाच्या व्यक्तीला तो मान प्रथमच मिळाला. जगभर मनोविकारांची नावे ज्या ग्रंथावरून ठरतात, त्याची पाचवी आवृत्ती मे २०१३ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत बाहेर पडली. वेडाची नावे ठरवणाऱ्या संस्थेच्या प्रमुखपदी बसलेल्या या मनुष्याचा खरा ध्यास मात्र दुसराच होता. त्यांना शहाणपणाचा शोध घ्यायचा होता, आणि तोही मेंदूत.

२००९ साली थॉमस मीक्स या सहकाऱ्याबरोबर त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. शहाणपण म्हणजे काय याविषयी विद्वानांनी केलेल्या व्याख्या त्यांनी गोळा केल्या आणि त्यांतून सहा घटक वेगळे काढले: दुसऱ्याविषयी कळवळा, व्यवहाराची जाण, भावनांवर ताबा, आत्मपरीक्षण, दुसऱ्याच्या मूल्यांबद्दल सहिष्णुता आणि अनिश्चिततेला तोंड देण्याची ताकद. नंतर या प्रत्येक घटकाच्या वेळी मेंदूचे कोणते भाग कामाला लागतात, हे तोवर झालेल्या मेंदूचित्रणाच्या अभ्यासांतून त्यांनी ताडून पाहिले. कपाळामागचा मेंदूचा पुढचा भाग आणि आत खोलवर असलेली भावनांची प्राचीन केंद्रे यांच्या समतोलात शहाणपण असावे, असा त्यांचा तर्क आहे. सिद्धान्त म्हणून तो त्यांनी मांडलेला नाही, ही गोष्ट येथे नोंदवली पाहिजे. वर्तमानपत्रे असा तर्क छापताना ‘असावे’चे ‘आहे’ करून टाकतात.

या तर्कामागे एक जुनी कथा आहे. १८४८ साली अमेरिकेत रेल्वेच्या कामावरील फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या गालाखालून लोखंडी कांब शिरली आणि डोक्याच्या वरच्या बाजूने बाहेर पडली. तो जगला. चालता-बोलता राहिला. परंतु पूर्वीचा जबाबदार आणि मर्यादशील मुकादम जाऊन तेथे तिरसट, शिवराळ, कोणाचे न ऐकणारा मनुष्य उरला, असे त्याच्या डॉक्टरांनी लिहून ठेवले. गेजची मर्यादा कांबेने नेली, तर दोष गेजचा कसा म्हणावा? आणि मग आमची मर्यादा शाबूत आहे यात आमचे कर्तृत्व कोणते? आमच्या कपाळातून कांब गेली नाही, एवढेच.

गेजची कथा बहुतेक पुस्तकांत येथेच संपते. ती पुढेही आहे. तोच गेज नंतर चिली देशात जाऊन कित्येक वर्षे घोडागाडी हाकत होता. उतारूंशी नीट वागणे, ठरल्या वेळी निघणे, सहा घोडे सांभाळणे, ही काही बेताल माणसाची कामे नव्हेत. रोजच्या बांधलेल्या कामाने आणि चार माणसांच्या वावराने त्याचे शहाणपण थोडेफार परत आले असावे, असे अलीकडचे अभ्यासक मानतात. मेंदूतले भोक मात्र बुजले नव्हते.

उलट दिशेचा पुरावा हवा असेल तर आपल्याला अमेरिकेला जाण्याचे कारण नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर उभे राहतात आणि मधल्या पळसाच्या झाडासाठी दगडांचा वर्षाव होतो. दरवर्षी डोकी फुटतात. जीवही गेले आहेत. दगड उचलणाऱ्यांत सोयरे असतात, दुकानदार-गिऱ्हाईक असतात, एका बाकावर बसून शिकलेले असतात. त्यांच्या कपाळामागचा भाग आदल्या दिवशी होता तसाच असतो आणि दुसऱ्या दिवशीही तसाच राहतो. संध्याकाळी दोन्ही गावे पुन्हा बोलू लागतात. शहाणपण जर कवटीच्या आतच असेल, तर त्या एका दिवसापुरते ते गावेच्या गावे सोडून कोठे जाते? जेस्त्यांच्या सहा घटकांतले निम्मे घटक दुसऱ्या माणसाशी असलेल्या वागणुकीचे आहेत, हे आम्हांला येथे आठवते. त्यांची जागा शोधायची तर दोन माणसांमधल्या मोकळ्या जागेतही शोधावी लागेल, आणि त्या जागेचे चित्र घेणारे यंत्र अजून निघालेले नाही.

यंत्राविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे, कारण त्याच्या चित्राला आज जो मान मिळतो तो एके काळी पोथीला मिळत असे. साध्या एम.आर.आय.मध्ये मेंदूची रचना दिसते. एफ.एम.आर.आय. या प्रकारात, ज्याचे तत्त्व सेइजी ओगावा या जपानी शास्त्रज्ञाने १९९० साली दाखवले, मेंदूचे कार्य दिसते असे म्हणतात. प्रत्यक्षात दिसते ते रक्त. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तेथे प्राणवायूयुक्त रक्त जास्त येते, आणि चुंबकाला तो फरक कळतो. रक्त येते ते काही सेकंद उशिरा. यंत्राला दिसणाऱ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या ठिपक्यात लक्षावधी पेशी असतात. चित्रातला लाल-पिवळा रंग मेंदूत कोठेच नसतो. अनेक माणसांची सरासरी काढून, जेथे फरक गणिताने लक्षणीय ठरला तेथे तो संगणकाने भरलेला असतो. ओट्यावर पाणी कोठे सांडले आहे हे पाहून स्वयंपाक कशाचा झाला ते ओळखण्यासारखा हा प्रकार आहे. ओळखता येते, पण बेताने.

हा बेत सुटला म्हणजे काय होते, हे शास्त्रज्ञांनीच दाखवून दिले आहे. २००९ साली काही अमेरिकन संशोधकांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि गणितातली एक आवश्यक दुरुस्ती मुद्दाम गाळली. माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली. २०२० साली एकाच प्रयोगाची माहिती ७० गटांना वाटून दिली गेली, तेव्हा कोणत्याही दोन गटांनी ती अगदी एकाच रीतीने तपासली नाही आणि निष्कर्षांतही मोठी तफावत पडली. मेंदूतील फरकांचा संबंध मानसिक लक्षणांशी खात्रीने जोडायचा तर हजारो माणसांची चित्रे लागतात, असे २०२२ मधल्या एका मोठ्या अभ्यासाने सांगितले. त्याआधीचे बहुतेक अभ्यास काही डझन माणसांवरचे होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचे २००२ ते २०१५ पर्यंत संचालक असलेले थॉमस इन्सेल यांनी पद सोडल्यावर मोकळेपणाने कबूल केले, की आपल्या काळात मेंदू आणि जनुकांच्या संशोधनावर सुमारे २० अब्ज डॉलर खर्च झाले, उत्तम निबंध निघाले, परंतु आत्महत्या आणि रुग्णालयातील भरती यांचे प्रमाण त्याने हलले नाही. असे जाहीरपणे बोलायला धैर्य लागते. आपल्याकडे निवृत्तीनंतर आत्मचरित्रे लिहितात.

आता घरातली गोष्ट. आमच्या पाहण्यातील एका कुटुंबात पंचविशीतला मुलगा वर्षभर खोलीबाहेर पडेना. भिंतीपलीकडून कोणी आपल्याबद्दल बोलते असे तो म्हणे. नागपूरला नेले, तपासण्या झाल्या, एम.आर.आय. निघाला, आणि अहवालावर ‘नॉर्मल’ असा शब्द आला. डॉक्टरांच्या दृष्टीने तो अहवाल उपयोगाचा होता: गाठ नाही, रक्तस्राव नाही, म्हणजे आजार स्किझोफ्रेनियाचा धरून औषध सुरू करता येते. मनोविकारात हे चित्र बहुधा असे इतर आजार वगळण्यासाठीच काढतात. एकट्या रुग्णाचे चित्र पाहून याला स्किझोफ्रेनिया आहे किंवा नैराश्य आहे, असे सांगण्याइतकी ही विद्या आजही आलेली नाही. परंतु वडिलांनी त्या शब्दाचा अर्थ घेतला तो वेगळाच. मशीन म्हणते काही नाही, तर हा सोंग करतो. ज्या चित्राने मुलाच्या माथ्यावरचा दोष उतरवायचा, त्यानेच तो पक्का केला.

समजा चित्रात काही दिसलेच असते, तर? तरीही सगळे सुरळीत झाले असते असे नाही. आपली जुनी घराणी भोसल्यांच्या काळापासून सातपुड्याच्या या पायथ्याशी राहिली. सोयरिकीचे वर्तुळ लहान, आणि काटोल-वरूड-सावनेरपर्यंतच्या प्रत्येक घराची कुंडली प्रत्येकाला पाठ. स्थळ पाहताना शेती, संत्र्याची झाडे आणि शिक्षण यांची चौकशी मोठ्याने होते. ‘त्यांच्यात वेड तर नाही ना’ ही चौकशी हळू आवाजात होते. अशा समाजात ‘मेंदूचा आजार’ हा शब्द आईला सोडवतो आणि बहिणीला अडकवतो. आईचे लाड, बापाचा धाक, मुलाची संगत, यांपैकी कशावरही ठपका राहत नाही. पण मेंदू म्हटला की रक्त आले, रक्त म्हटले की कूळ आले, आणि मग धाकटीचे लग्न थांबते. हे केवळ आपले मागासलेपण समजू नये. अमेरिकेत १९९६ आणि २००६ साली लोकांची मते तपासली गेली. मधल्या 

दहा वर्षांत ‘हा मेंदूचा आजार आहे’ असे मानणारे वाढले, उपचार घ्यावेत असे म्हणणारेही वाढले. रुग्णाला शेजारी राहू द्यावे, त्याच्याबरोबर काम करावे, त्याच्याशी सोयरीक करावी, ही तयारी मात्र वाढली नाही.

भुताची गोष्ट या बाबतीत वेगळी होती, हे आम्ही नाखुशीने पण स्पष्टपणे लिहितो. सौंसरजवळच्या जामसावळीला निजलेल्या मारुतीच्या पायाशी आजही माणसे आपला रुग्ण घेऊन येतात, मूर्तीच्या नाभीतून येणारे तीर्थ देतात, आवारात दिवस काढतात. तेथे निदान एकच असते: बाहेरची बाधा. ‘बाहेरची’ या शब्दात केवढी सोय आहे पाहा. मुलगा निर्दोष, आई निर्दोष, कूळ निर्दोष. आली तशी ती निघूनही जाईल. धाकटीच्या लग्नाला बाधेची आडकाठी येत नाही. भूत नावाचे काही नसते हे आम्हांला ठाऊक आहे. पण एका संकटात सापडलेल्या घराला दोषमुक्त करण्याचे जे काम आज मेंदूच्या चित्राकडून अपेक्षित आहे, ते भूत पूर्वीपासून आणि अधिक पूर्णपणे करीत आले आहे. म्हणून ते टिकले.

मंदिराच्या आवाराचाही काही गुण असतो. बंगळूरच्या निम्हान्समधील डॉ. रघुराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमिळनाडूतील एका मंदिरात राहणाऱ्या ३१ रुग्णांची पाहणी करून २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरासरी सहा आठवड्यांच्या मुक्कामात, औषधाशिवाय, लक्षणांत सुमारे २० टक्के घट झाली होती. तेथे मारझोड नव्हती, साखळ्या नव्हत्या. अंगण झाडणे, झाडांना पाणी घालणे, आणि सोबतीला घरचे माणूस. हे वाचून ज्यांना हर्ष होईल त्यांनी त्याआधीच्या वर्षाचीही आठवण ठेवावी. त्याच राज्यात एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे एका खासगी आसऱ्याला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ रुग्ण जागच्या जागी मेले. बाधा बाहेरची होती, साखळी मात्र त्यांच्या पायात होती. आणि २० टक्के घट म्हणजे ८० टक्के आजार शिल्लक. औषधाने ज्यांना बरे वाटले असते अशी किती माणसे तीर्थावर वर्षे घालवतात, याचा अंदाज राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ मधील आकड्यांवरून यावा. मध्य प्रदेशही त्या पाहणीत होता. वेगवेगळ्या मनोविकारांत उपचार न मिळणाऱ्यांचे प्रमाण देशभरात ७० ते ९२ टक्के होते.

भूत आणि चित्र यांच्यात आणखी एक साम्य आहे, आणि आमचा मुख्य आक्षेप तेथेच आहे. दोघेही रुग्णाला दोषातून सोडवतात आणि त्याच वेळी त्याची वाचा काढून घेतात. अंगात आले की बोलते ते भूत. यंत्रात घातले की बोलतो तो मेंदू. मनुष्य स्वतः काय म्हणतो याला दोन्हीकडे किंमत उरत नाही. ही भीती काल्पनिक नाही. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या एका खटल्यात जन्मठेप सुनावताना, आरोपीच्या डोक्यावर विद्युतग्राहक लावून घेतलेली मेंदूची चाचणी पुराव्यात धरली. आरोपीने बोलायचे नव्हतेच. आरोपाची वाक्ये ऐकवायची आणि मेंदूला त्या कृत्याचा ‘अनुभव’ आठवतो की नाही हे यंत्राने सांगायचे. जगभरच्या शास्त्रज्ञांनी त्यावर आश्चर्य व्यक्त केले. मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात स्पष्ट केले, की संमतीवाचून अशी चाचणी घेणे म्हणजे माणसाला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे होय, आणि राज्यघटनेला ते मान्य नाही. मेंदू त्या मनुष्याचा असेल, पण तो त्या मनुष्याच्या वतीने बोलू शकत नाही.

जेस्त्यांचे मोठेपण आम्हांला दिसते ते यंत्राच्या बाहेर. २००८ साली त्यांनी डॉ. इप्सित वाहिया यांच्यासह गीतेतील शहाणपणाच्या कल्पनेची आधुनिक कल्पनेशी तुलना केली. जीवनाचे ज्ञान, भावनांचे नियमन, करुणा या गोष्टी दोन्हीकडे सापडल्या. इच्छांवरचा ताबा आणि भोगांचा त्याग यांवर मात्र गीतेचा जो भर आहे तो आधुनिक व्याख्यांत आढळला नाही. शहाणपणाचे काही अंश शिकता आणि शिकवता येतात असे गीता सुचवते, हे त्यांनी महत्त्वाचे मानले. आपल्या शेजारच्या शिवनी तुरुंगात १९४४ साली विनोबांनी स्थितप्रज्ञाच्या श्लोकांवर व्याख्याने दिली, त्यांचे ‘स्थितप्रज्ञ-दर्शन’ आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी असेल. तेथे अर्जुनाचा प्रश्न पाहण्यासारखा आहे. स्थितप्रज्ञाची प्रज्ञा कोठे असते, असे तो विचारत नाही. असा मनुष्य बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा, हे विचारतो. एम.आर.आय.च्या नळीत निजलेल्या माणसाला नेमक्या या तीनच गोष्टी करता येत नाहीत. हलला तर चित्र बिघडते.

शहाणपण शिकता येते, हे एकदा मानले की श्रेयाचा प्रश्नही जरा सैल होतो. ते निव्वळ नशीब राहत नाही आणि एकट्याची कमाईही राहत नाही. शिकवणारे, सांभाळणारे, रोजचे काम देणारे, असे सारे त्यात वाटेकरी होतात. निकोप कुळाचा अभिमान बाळगणाऱ्यांना हा हिशेब आवडणार नाही, कारण त्यात त्यांच्या वाट्याला जे येते ते बहुतांशी उधारीचे असते.

आणि आता जेस्त्यांचा तो निष्कर्ष, ज्यासाठी हा सारा खटाटोप आम्ही केला. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचे वृद्धपण त्यांनी वर्षानुवर्षे पाहिले. हा आजार म्हणजे उत्तरोत्तर बुद्धीचा ऱ्हास, अशी शंभर वर्षांची समजूत होती. त्यांना दिसले ते निराळे: शरीर थकत जाते, परंतु पुष्कळ रुग्णांचे मन वयाबरोबर सावरत जाते. ते औषधे नीट घेऊ लागतात, आपल्या भासांशी कसे वागावे हे शिकतात, माणसांत वावरू लागतात. गणितज्ञ जॉन नॅश यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तीन दशकांच्या आजारानंतर ते सावरले आणि १९९४ साली त्यांना नोबेल मिळाले. सामान्य माणसांतही हाच कल आहे काय हे पाहण्यासाठी सॅन दिएगोतील २१ ते १०० वयाच्या १,५४६ लोकांची पाहणी झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वय वाढेल तसे शरीराचे आणि स्मरणाचे आरोग्य उतरले, मनाचे मात्र चढले. वेड आणि शहाणपण एकाच डोक्यात, एकाच वेळी नांदू शकतात असा याचा अर्थ आहे, आणि मराठी भाषेने जी दोन टोके म्हणून समोरासमोर उभी केली ती टोके नाहीत.

आपल्या प्रदेशाला हे अगदीच अपरिचित नाही. रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचे वागणे तेराव्या शतकातल्या गावकऱ्यांना वेड्यासारखे वाटे आणि तेच गावकरी त्यांना आईबाप मानीत. म्हाइंभटांनी त्या लीळा जशाच्या तशा लिहून ठेवल्या. नागपूरच्या मनोरुग्णालयात १८९२ साली ताजुद्दीन बाबांना कोंडण्यात आले. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून नेईपर्यंत सोळा वर्षे लोक आशीर्वादासाठी त्या वेड्यांच्या इस्पितळाच्या फाटकाशी गर्दी करीत होते. सौंसरहून नागपूरला जाताना वाकीचा फाटा लागतो, तेथे हात जोडल्याशिवाय आपल्याकडील कित्येक जण पुढे जात नाहीत. संताच्या बाबतीत आपण हे सहज पचवतो. माजघराच्या मागच्या खोलीतल्या काकांच्या बाबतीत पचवत नाही. त्यांना वाटणीच्या वेळी, लग्न ठरवताना, घर विकताना कोणी विचारत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे, आणि त्यात लिहिले आहे की एखाद्याला मनोविकार आहे एवढ्यावरून तो अस्थिर बुद्धीचा ठरत नाही. तसे न्यायालयाने ठरवावे लागते. आपल्या उपचारांचा निर्णय घेण्याची क्षमता त्याच्यापाशी आहे असेच प्रथम धरून चालायचे. साखळीला तर कायद्याने पूर्ण बंदीच आहे. जे शास्त्राने उशिरा पाहिले ते कायद्याने लगोलग लिहिले. घरांनी वाचायचे राहिले आहे.

तेव्हा यंत्र बाजूला ठेवले तर निदान कशावरून होते? आजही ते रुग्णाच्या बोलण्यावरून होते. झोप कशी आहे, मन कशात लागते, मरणाचे विचार येतात काय, हे डॉक्टर विचारतो आणि उत्तर ऐकतो. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले, कार्यालये जवळ येत आहेत. पण हे प्रश्न हिंदीतच विचारले जातील. आपल्या घरातल्या जुन्या बाईला दुखते ते मराठीत. तिचा जीव कासावीस होतो, जिवाची घालमेल होते, घरात करमत नाही, कशातच राम वाटत नाही. यांतल्या प्रत्येक शब्दाची छटा वेगळी आहे आणि प्रत्येक छटेला निदानात किंमत आहे. ‘माताजी, कैसा लगता है’ या प्रश्नाला ती ‘ठीक है’ एवढेच म्हणते, कारण हिंदीत तिला तेवढेच येते. शेजारी बसलेला नातू हिंदी माध्यमात शिकलेला असतो. ‘करमत नाही’ म्हणजे काय हे त्याला ठाऊक असेल, तर उरलेले डॉक्टरांना तो सांगू शकेल.